दरतोंडी

नानांच्या चेहऱ्याची त्वचा फार हळवी आहे. बाकीचे नाना तसे नाहीत. भाजीवाल्याने चारचौघांत कोपरापासून हात जोडले तरी कढीपत्ता फुकट मिळाल्याशिवाय ते जागचे हलत नाहीत. बोलावणं नसताना एका बारशाला जेवून आले आणि वर दुसऱ्या दिवशी ‘मठ्ठा पातळ होता’ असं यजमानाला फोन करून कळवलं. सोसायटीत त्यांना कोण काय म्हणतं हे त्यांना ठाऊक आहे आणि त्याने त्यांची झोप कधी मोडलेली नाही. पण साधी साबणाची वडी गालाला लागू द्या, दहा मिनिटांत गाल लाल, कपाळाला चुणचुण आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे. मग नाना जिन्यात भेटेल त्याला थांबवून, उजेडाकडे तोंड करून विचारतात, “किती आहे बघ रे?”

हा प्रश्न लालीबद्दल असतो आणि त्याचं उत्तर आण्यांत द्यायचं असतं.

नानांनी उभा जन्म लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. निवृत्त होताना शाल आणि नारळाबरोबर त्यांनी एक कोरं स्टॉक रजिस्टरही मागून घेतलं. त्यात आता तोंड धुण्याच्या नोंदी असतात. रकाने पाच: तारीख, माल, खर्च, दर, लाली. ‘बेसन व दही, लाली सहा आणे.’ ‘जावयाकडचा विलायती साबण, चौदा आणे.’ सोळा आणे लाली आजवर एकदाच पडली आहे, ती लिंबाच्या दिवशी. तिकडे येऊच. ‘दर’ या रकान्यात एकदा तोंड धुवायला आलेला खर्च असतो. नाना त्याला दरतोंडी खर्च म्हणतात. “सरकार दरडोई काढतं,” ते म्हणतात. “त्यांना अख्खं डोकं लागतं. मला पुढची बाजू पुरते.”

आमचं नाहूर म्हणजे फ्लॅट विकणाऱ्याचं मुलुंड आणि रिक्षावाल्याचं भांडुप. २००६ साली स्टेशन झालं तेव्हा कुठे आम्हाला स्वतःचं नाव मिळालं. एका अंगाला टायरचा कारखाना, दुसऱ्या अंगाला गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम, वरून टॉवरांचं सिमेंट. इथे संध्याकाळी घरी येऊन तोंड पुसलं तर रुमालावर दिवसभराचा भूगोल उमटतो. म्हणजे तोंड धुवायला तर हवंच, आणि साबण तर लावायचा नाही. महागडे फेसवॉश असतात, पण त्यांची किंमत वाचूनच नानांना पहिले चार आणे लाली येते.

सुरुवातीला त्यांचा विश्वास वेष्टणांवर होता. साबणाच्या वेष्टणावर ‘टीएफएम’ असा आकडा असतो, म्हणजे साबणात स्निग्धाम्लं किती त्याचं प्रमाण. ७६ टक्क्यांच्या वर असेल तर पहिली प्रत, ७० ला दुसरी, ६० ला तिसरी, आणि त्याहून खालचा बहुतेक माल ‘बेदिंग बार’ या नावाने विकला जातो. नाना भिंग घेऊन दुकानात जात. शेल्फावरची प्रत्येक वडी उलटी करून ठेवत. दुकानदाराने ‘काका, घेणार काय?’ असं विचारलं की ‘वाचून होऊ दे’ म्हणत. शेवटी ७६ टक्क्यांची, सगळ्यांत स्वस्त, चारावर एक फुकट अशी चळत घरी आली आणि पहिल्याच दिवशी नऊ आणे लाली पडली. कारण सरळ होतं. टीएफएम वाढला म्हणून साबणाचा साबणपणा जात नाही. तेल आणि अल्कली मिळूनच साबण होतो, आणि पहिल्या प्रतीचा झाला तरी अल्कधर्मीच राहतो. उरलेल्या वड्यांनी काकूंनी वर्षभर हात धुतले.

मग २०२१ चा जानेवारी उजाडला आणि नानांच्या आयुष्यात पीएच आला. सेबामेडवाल्यांनी जाहिरातींत इतरांच्या साबणांची नावं घेऊन त्यांचे पीएच जाहीर केले, आणि त्यातल्या एकाचा आकडा कपडे धुण्याच्या वडीइतकाच आहे असंही दाखवलं. हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली. तेव्हापुरतं न्यायालयाने सांगितलं की आकड्यांची तुलना करायची तर करा, कपड्यांच्या वडीला मधे आणू नका. आम्ही सगळे तेव्हा लसीची वाट बघत होतो. नाना या निकालाची बघत होते. आपल्या गालांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला याचा त्यांना कोण अभिमान.

त्वचेचा पीएच साधारण पाच-साडेपाच, म्हणजे किंचित आम्ल. साबणाचा नऊ-दहा. इतकी माहिती मिळाल्यावर नानांनी विज्ञान शिकवणाऱ्या भाच्याकडून पीएच कागदाची एक गुंडाळी आणवली आणि दोन मास्क लावून आमच्या विंगचा सर्व्हे केला. बेल वाजायची, दारात नाना, हातात बशी. “साबण आणा.” लोक ऑक्सिमीटर तपासणीला आलेत असं समजून बोट पुढे करत. नाना बोट बाजूला सारून साबण मागत, तो ओला करत, कागद टेकवत आणि कागद गडद हिरवा-निळा झाला की न बोलता मान हलवत. त्या मान हलवण्याने दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. सगळा सर्व्हे संपल्यावर व्हॉट्सअॅपवर अहवाल आला: ‘ए विंग अल्कधर्मी आहे.’ त्या दिवसापासून मुलं त्यांना पीएच नाना म्हणतात, आणि नवे भाडेकरू त्यांना डॉक्टरेट आहे असं समजून सोसायटीच्या तक्रारींचे अर्ज त्यांच्याकडून तपासून घेतात.

पुढच्याच वर्षी पीएच चालत त्यांच्या दारापर्यंत आला. मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सनचा कारखाना होता, त्यातल्या बेबी पावडरीचा पीएच मर्यादेत नाही म्हणून २०२२ च्या सप्टेंबरात राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने परवाना रद्द केला. २०२३ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने तो आदेशच रद्द केला. या चार महिन्यांत नाना त्या रस्त्याने बसमधून जाताना खिडकीशी जागा मागून घेत आणि कारखान्याकडे बघत राहत. “पीएच मोजायचा होता तर मला सांगायचं,” ते म्हणत. “कागद शिल्लक होता माझ्याकडे.”

पीएच समजला आणि घात झाला. त्वचा आम्लधर्मी, साबण शत्रू, म्हणजे आम्ल मित्र. आणि बाजारात सगळ्यांत स्वस्त आम्ल लिंबू. लिंबाचा पीएच असतो दोनच्या आसपास. साडेपाच आणि दोन यांत साडेतीनचाच फरक, म्हणाल तर फार नाही. पण पीएचची पायरी दहापटीची असते. तीन पायऱ्या उतरलं की आंबटपणा हजारपट होतो, साडेतीन उतरलं तर तीन हजारांच्या वर. नानांनी लिंबू पिळलं, चोळलं आणि भर दुपारी पासबुक भरून आणायला बँकेत गेले. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजून निघते आणि मग काळे डाग राहतात. बँकेतल्या बाईंनी पासबुकावरचा फोटो आणि समोरचे नाना यांची तीनतीनदा तुलना केली. वहीत त्या दिवसापुढे लाल शाईने ‘सोळा आणे’ लिहिलंय आणि खाली कंसात ‘लिंबू अर्धं शिल्लक, सरबत केले.’

घरगुती उपायांवरची नानांची निष्ठा त्यानेही ढळली नाही. आपल्याकडे दिवाळीला उटणं लावतात, तेव्हा घरातलं पीठ-पाला तोंडाला चालतो असा एक जुना भरवसा असतोच. नानांनी तर उटण्यालाही सोडलं नाही. नागरमोथा, आंबेहळद, गव्हला कचोरा, वाळा असं एकेक वेगळं आणून एकेकाची चौकशी केली. मसुराची डाळ जाडसर दळली तर ती हळव्या कातडीला कानशीच होते, हे त्यांना आठ आण्यांत कळलं. हळदीने लाली आली नाही, पण ते पिवळे झाले. सत्तरीत हळद लागलेली बघून देवळातल्या गुरुजींनी काकूंची खुशाली जरा जास्तच काळजीने विचारली.

नव्या मालाची आधी हातावर किंवा कानामागे चाचणी घ्यावी, एक-दोन दिवस थांबावं, काही झालं नाही तरच तोंडाला लावावं, हे कुठलाही त्वचेचा डॉक्टर सांगतो. नानांनी ते ऐकलं, मात्र एका वेळी एक चाचणी म्हणजे वेळेची उधळपट्टी. म्हणून ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने चौकोन आखतात, त्यात आकडे घालतात आणि सहा माल एकदम लावतात. एकदा लोकलमध्ये वरची कडी धरली आणि बाही घसरली. शेजारच्या माणसाने हातावरचे आकडे निरखले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “काका, ओपन की क्लोज?” नानांना वाटलं हा जाणकार दिसतो. म्हणाले, “बाकी सगळे क्लोज. चारला मात्र खाज आहे.” पुढच्या आठवड्यात तो गृहस्थ पेढे घेऊन नाहूरच्या पुलावर त्यांना शोधत होता, असं नाना सांगतात. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक. वहीत त्या तारखेला पेढ्यांचा खर्च नाही, म्हणजे खाल्ले असावेत.

या सगळ्यांत ओट्स टिकले असते. ओट्सचं बारीक पीठ पाण्यात कालवून, गाळून त्या पिठूळ पाण्याने तोंड धुतलं की चोळावं लागत नाही आणि आगही होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली ते त्वचेचं रक्षण करणाऱ्या पदार्थांत धरलेलं आहे. वहीत लाली दोन आणे. पण ओट्स काही ज्वारी नव्हे. दर बसवायला नानांनी गाळून उरलेला चोथा ‘वजा: उपमा’ असा जमेला धरला. काकूंनी कढई खाली ठेवली आणि सांगितलं, “जे तोंडाला लावलं ते तोंडात घालायचं नाही.” वजावट गेली, दर वाढला, योजना बंद.

मुलतानी मातीने तर सोसायटीचा इतिहास बदलला. वार्षिक सभा पार्किंगमध्ये होती आणि विषयपत्रिकेवर टँकर होता. नाना टँकरच्या विरोधात तासभर बोलणार हे सगळ्यांना माहीत होतं. सेक्रेटरींनी तर थर्मासमधून चहाच आणला होता. पण सभेच्या आधी नानांनी तोंडाला माती थापली आणि ती वेळेत वाळेना, म्हणून तसेच खाली आले. पहिल्या रांगेत बसले. मातीने हळूहळू ओढ घेतली. ठराव वाचला तेव्हा नानांनी ओठ उघडायचा प्रयत्न केला आणि गालावर बारीक तडा गेला. तडा म्हणजे पॅक फुकट, शिवाय मातीबरोबर कातडीही ओढली जाऊन आग आग. त्यांनी हात वर केला. सेक्रेटरींनी तो मत म्हणून मोजला. टँकर एकमताने मंजूर झाला. मातीचं काम तेल शोषायचं. ज्याच्या तोंडावर मुळातच तेल नाही त्याचं ती दुसरं काय शोषणार? नानांचं भाषण शोषलं.

आणि टँकरचं पाणी आलं. ते विहिरीचं की बोअरचं, कुणी विचारलं नाही. जड होतं एवढं खरं. जड पाण्यातल्या चुन्याशी साबणाची गाठ पडली की फेसाऐवजी साका होतो, तो कातडीवर बसतो, धुवायला आणखी चोळावं लागतं, आणि हळव्या चेहऱ्याला हे सगळं एकदम नडतं. नानांना याचा संताप वेगळ्याच कारणाने आला. तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं पाणी आमच्या शेजारी भांडुप संकुलात गाळलं जातं आणि तिथून बहुतेक मुंबईभर जातं. ते पाणी हलकं, साबणाला चटकन फेस देणारं. “कुलाब्याची माणसं आपल्या शेजारच्या पाण्याने तोंड धुणार,” नाना पार्किंगमध्ये उभं राहून म्हणाले, “आणि आपण नाहूरला राहून टँकरने?” तेव्हापासून सकाळी पालिकेचं पाणी येतं त्या अर्ध्या तासात नाना एक कळशी भरून, झाकून, तिच्यावर ‘तोंड’ असं लिहून ठेवतात. त्यातलं पाणी चहालाही मिळत नाही.

शेवटी मुलीने दम दिला म्हणून ते पालिकेच्या एका रुग्णालयात गेले. दहा रुपयांचा केसपेपर हाही त्यांना पटण्यासारखा होता. मी सोबतीला होतो. डॉक्टर तरुण मुलगी. तिने चेहरा बघितला आणि विचारलं, “आजोबा, दिवसातून किती वेळा धुता?”

“सकाळी तीन. दुपारी दोन. बाहेरून आल्यावर एक. आणि नोंद करायच्या आधी एक.”

“कशाने?”

नानांनी पिशवीतून रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. तिने पानं उलटली, लिंबापाशी थांबली, आणि शेजारच्या दोन शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. तिघांनी मिळून मुलतानी मातीपर्यंत वाचलं. मग ती म्हणाली, “हे सगळं बंद. दोन वेळा धुवायचं, जास्त नाही. कोमट पाणी, कढत नको. चोळायचं नाही, मऊ पंच्याने टिपायचं. टिपल्यावर ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली नाहीतर बिनवासाचं क्रीम, अगदी बोटभर. बिनसाबणाचं क्लीन्झर लिहून देते, ते रात्री. सकाळी नुसत्या पाण्यानेही चालतं. आणि लाली टिकली तर परत दाखवा. सगळीच लाली साबणाची नसते.” नाना भराभर लिहून घेत होते. घरी आल्यावर मी नोंद बघितली: ‘डॉक्टरीणबाई, रु. १०. सल्ला मुख्यतः करू नका या स्वरूपाचा. स्वस्त.’

लिहून दिलेलं क्लीन्झर सेटाफिल होतं. हे १९४७ साली टेक्सासमधल्या एका औषधं बनवणाऱ्याने तयार केलं, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या वयाचं. पण नानांना देशभक्तीपेक्षा छापील किंमत मोठी दिसली. छोटी बाटली तीनशेच्या वर. त्यांनी गणित मांडलं: दरतोंडी सात रुपयांच्या पुढे. “पाच रुपयांत नाहूरहून मुलुंडला जाता येतं,” ते म्हणाले. “तोंड धुण्यापेक्षा मुलुंड स्वस्त.” तरी बाटली घेतली. आणि घेतल्यापासून तिला पुरवायला लागले.

आधी वाटाण्याएवढं, मग मुगाएवढं. मग बाटली निम्मी झाल्यावर त्यांनी ‘तोंड’ लिहिलेल्या कळशीतलं पाणी घालून ती पुन्हा गळ्यापर्यंत भरली. ती निम्मी झाल्यावर पुन्हा. तिसऱ्या मजल्यावरची फार्मसी शिकणारी मुलगी म्हणाली, “नाना, असं करू नका. पाणी घातलं की त्यातलं टिकवणारं द्रव्य पातळ होतं आणि बाटलीत जंतू वाढतात.” नाना चपापले. जंतू म्हणजे लाली. त्या दिवसापासून ते रात्री बाटलीत उरलेलं ओतून टाकतात, बाटली गरम पाण्याने विसळतात, पालथी घालतात, सकाळी कळशीतलं ताजं पाणी भरतात आणि वापरण्यापूर्वी नीट हलवतात.

तुम्ही हिशेब करून बघा, त्या बाटलीत काय असेल. नानांनी इतके हिशेब केले, हा एक केला नाही.

पण लाली गेली. महिन्यात दोन आण्यांवर आली, मग एक आणा, मग वहीत नुसत्या आडव्या रेघा. गाल असे दिसायला लागले की बारशाला न बोलावणारेही ‘नाना, लावता काय?’ म्हणून विचारू लागले. नाना बाटली दाखवत. “एक नंबर वस्तू. महाग आहे, पण पुरते. तीनशे रुपयांत दुसरं वर्ष चालू आहे.” सोसायटीत चार जणांनी बाटल्या आणल्या आणि त्या दीड-दोन महिन्यांत संपल्या, तेव्हा नानांनी त्यांच्याकडे उधळ्या पोरांकडे बघावं तसं बघितलं.

मी एकदा काकूंना विचारलं, “त्यांना सांगायचं का, की बाटलीत पाणी आहे?”

काकू गवार मोडत होत्या. “सांगू नकोस बाबा. कळलं तर उद्यापासून पाण्याचा दर काढतील.”

परवा कामवालीने बाटली सुक्या कचऱ्यात टाकली. वरचं लेबल कधीच झिजून गेलं होतं, तिला ती रिकामी वाटली. आणि तिचं तसं काही चुकलं नव्हतं. नाना गाडीमागे कोपऱ्यापर्यंत पळाले, पण गाडी गेली होती. दुपारपर्यंत त्यांनी तोंडाला पाणी लावलं नाही. संध्याकाळी मला घेऊन मुलुंडला त्यांच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये आले. दुकानदार कच्छी, नानांना तीस वर्षं ओळखतो. त्याने बाटली काढून काउंटरवर ठेवली. नानांनी ती उचलली, उलटी केली, झाकण उघड-बंद करून बघितलं.

“नुसती बाटली केवढ्याला?”

“काका, बाटली तर फुकटच असते. पैसे आतल्या मालाचे.”

“मग माल काढून ठेवा तुम्ही,” नाना म्हणाले.